ढोल पुण्याचा, कवायत इंडियानाची

इंडियाना हा बँडवाल्यांचा मुलूख आहे. दर ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या बँड-स्पर्धेची अंतिम फेरी रंगते, नोव्हेंबरात शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच होते आणि तासाभराच्या अंतरावर पर्ड्यू विद्यापीठात १९२१ साली बनवलेला, माणसाहून उंच ढोल आजही दिमाखात मैदानावर फिरवतात. अशा ठिकाणी आपल्या इथल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक उभं राहिलं, यात नवल ते काय! नवल याचं की ते दरवर्षी आणखी चांगलं वाजवतंय. परदेशात जपलेल्या कलेचं कौतुक करताना आपण बहुतेक वेळा ‘इतक्या लांब राहूनसुद्धा...’ एवढ्यावरच थांबतो. म्हणजे वाजवतात हेच पुष्कळ, कसं वाजवतात ते विचारायचं नाही. आपल्या पथकाला ही सवलत नको आहे.

तसं पाहिलं तर पुण्याचं आजचं पथकही शाळेच्याच अंगणात वाढलं. ज्ञान प्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी विद्यार्थ्यांच्या हाती ढोल आणि बरची दिली, रमणबागेचं पथक नावारूपाला आलं आणि बघता बघता शिकलेली मुलं-मुली कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर उतरली. आपल्याकडची मुलंही शाळेतूनच येतात, फक्त ती शाळा इथली. पथकातली निम्मीअधिक मुलं आपापल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत. कुणी ड्रमलाइनमध्ये स्नेअर वाजवतं, कुणी कलर गार्डमध्ये झेंडा फिरवतं. जुलैच्या उन्हात दिवसभर बँड कॅम्प करायचा आणि संध्याकाळी आपल्या पार्किंग लॉटमध्ये येऊन ढोल बांधायचा, हे त्या वयातच जमतं.

या मुलांनी पहिल्यांदा मोडीत काढली ती आपली एक लाडकी समजूत. गणपतीची मिरवणूक लांबली की मागचे ढोल रेंगाळतात. पुढचे म्हणणार मागचे झोपलेत, मागचे म्हणणार पुढचे पळतायत. वर्षानुवर्षं हेच भांडण. दहावीतल्या एका स्नेअरवाल्यानं शांतपणे विचारलं, “काका, मागचे ताशा कानाने ऐकून वाजवतात ना? मग मागे राहणारच.” हिशेब सरळ आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढचा ताशा आणि शेवटची रांग यांत तीस मीटर अंतर असेल, तर ठोका मागे पोचायला जवळजवळ नव्वद मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली आणि एका मात्रेत चार ठोके घेतले, तर दोन ठोक्यांतलं अंतर भरतं १२५ मिलिसेकंद. म्हणजे मागचा अगदी इमानदारीत ऐकून वाजवत असला, तरी पाऊण ठोका मागेच. वर त्याचा आवाज पुढे परत यायला पुन्हा तितकाच वेळ! दोष कुणाचाच नाही, आणि दोन्हीकडचे एकमेकांवर खार खाऊन.

बँडमध्ये यावर दोन उपाय करतात. लयीचा उगम शक्यतो मागे ठेवायचा, म्हणजे पुढच्यांपर्यंत आवाज एकाच दिशेने येतो. आणि जिथे ऐकण्याचा भरवसा नाही तिथे ड्रम मेजरच्या हाताकडे पाहून वाजवायचं, कारण दिसायला वेळ लागत नाही. आपण ताशे आणि टोल रांगांच्या मधोमध आणले, त्यामुळे अंतर निम्मं झालं. शेवटच्या रांगेसमोर एक ताई हात वर करून मात्रा देत चालते. आता मागच्यांना पहिली सूचना ‘पाहा’ अशीच मिळते. गेल्या मिरवणुकीत ‘तिसरा हात’ या ठेक्यावरून ‘भीमरूपी’च्या ठेक्यावर जाताना सगळे ढोल एकत्र पडले, तेव्हा मंडळींनी पुढच्यांच्या नावाने जयजयकार केला. खरं तर श्रेय त्या ताईचं होतं.

ताशाची गोष्ट वेगळी. ताशाची तर्री ताकदीने येत नाही, हे जुने वादक सांगत आले आहेत, पण कसं ते दाखवणारे इथे फार कमी. ड्रमलाइनच्या पोरांना ते आतून कळतं. काडी मुठीत आवळली की ती ताशाच्या पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, पडते आणि तिथेच मरते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बाकीची बोटं सैल सोडली, तर पान तिला परत उडवतं. पहिला ठोका आपला, पुढचे पानाचे. डाव्या आणि उजव्या हाताच्या या उसळ्या एकमेकींत मिसळल्या की तर्री सलग वाटते. शाळेत या मुलांकडून रूडिमेंट घोटून घेतात. ठोक्यांच्या या मूळ बांधण्या चाळीस ठरल्या आहेत, आणि प्रत्येक आधी अतिशय सावकाश, मेट्रोनोमबरोबर, मग हळूहळू चढत्या लयीत. आपल्याकडे तबल्याचे विद्यार्थी कायदा असाच घोटतात, तेव्हा ही काही परकी रीत नव्हे. पण पथकाच्या तालमीत सावकाश वाजवायला कुणाला धीर असतो? पहिल्याच दिवशी मिरवणुकीची लय लागते. ती सवय मोडायला या पोरांना मोठ्यांशी वाकडं घ्यावं लागलं. त्यांनी नियमच केला, की अर्ध्या लयीत सलग पाच मिनिटं स्वच्छ वाजल्याशिवाय पुढचा हात मिळणार नाही. पन्नाशीतल्या एका काकांनी आधी कुरकुर केली, पण आज त्यांचा डावा हात बघण्यासारखा आहे.

ध्वजावरून मात्र खटका उडाला, आणि तो उडायलाच हवा होता. कलर गार्डमधली एक मुलगी सहा फुटी काठी हवेत भिरकावते, ती गिरक्या घेते, आणि ही न बघितल्यासारखी झेलते. तिला भगवा ध्वजही असाच उडवायचा होता. ज्येष्ठांनी साफ नाही म्हटलं. ध्वज हातातून सुटत नाही, जमिनीला लागत नाही, तिथे तडजोड नाही. मला विचाराल तर ज्येष्ठ बरोबर होते. तिने वाद घातला, दोन दिवस रुसली आणि मग काठी हातात ठेवूनच काय काय सुधारता येतं ते दाखवू लागली. आपले ध्वजधारी काठी खांद्याच्या जोरावर ओढत, त्यामुळे दहा मिनिटांत दंड भरून येत. तिने काठीच्या बुडात लोखंडी बोल्ट ठोकून वर टेप गुंडाळला. कलर गार्डमध्ये हे सर्रास करतात. वर कापडाचं वजन, खाली बोल्टचं, मग काठीचा तोल दोन हातांच्या मधे येतो आणि ती जवळजवळ आपली आपण वळते. दुसरं, कापड काठीच्या मागून येतं. ठोक्यावर ध्वज फडकायला हवा असेल, तर काठी त्याच्या अर्धी मात्रा आधी निघायला हवी. आपण ठोक्यावर काठी हलवत होतो, म्हणून ध्वज कायम उशिरा. तिसरं, वाऱ्याच्या तोंडावर काठी सपाट नेऊ नये, कापड आधी वाऱ्यात सोडावं आणि मग वळवावं. यंदा दोन्ही बाजूंचे आठही ध्वज एकाच क्षणी उलगडले, त्यामागे एवढी उस्तवार होती. भिरकावण्याची तिची हौस आता लेझमीच्या एका तुकडीत भागते. तिथे साध्या रंगीत काठ्या असतात आणि कुणाची हरकत नसते.

बँडचं सगळंच घ्यावं असंही नाही. टाच आधी टेकवून, पाऊल पुढे लोळवत, कमरेवरचं अंग अजिबात न हलवता चालण्याची त्यांची पद्धत ट्रम्पेट फुंकणाऱ्याला हवीच, नाहीतर सूर हलतो. ढोलवाल्याला ती कशाला? गुडघा उचलून घेतलेली उसळी काढून टाकली, तर पथकात उरलं काय! खांद्यावरून घालायचं हार्नेसही आपण वापरून पाहिलं आणि सोडलं. पाठीला आराम पडतो, पण ढोल अंगाला खिळतो, नाचता येत नाही. त्याऐवजी पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बांधायला सगळ्यांना नीट शिकवलं.

एक गोष्ट मात्र निमूटपणे घ्यावी : कानातले बोळे. बँडची मुलं ते घालून आली तेव्हा मोठी माणसं हसली. आवाज ८५ डेसिबलचा असेल तर दिवसाला आठ तास सोसवतात, आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा इथल्या तज्ज्ञांचा हिशेब आहे. शंभरावर ती पंधरा मिनिटांवर येते, आणि ढोलांच्या मधोमध उभं राहिलं की शंभरी केव्हाच मागे पडते. आता बोळ्यांचा डबा नारळ-गुलालाच्या पिशवीतच असतो.

पुढच्या वर्षीची तालीम जूनमध्ये, शाळांना सुट्टी लागल्यावर सुरू होईल. ढोल पुरेसे आहेत, ताशेवाले कमी पडतात, कारण त्यातले तिघं कॉलेजला निघालेत. शुक्रवारी तालीम नाही, त्या संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्यात मुलांना शाळेच्या बँडबरोबर वाजवायचं असतं. आणि मोठ्यांनी नाव नोंदवताना वय लिहायचं नाही, फक्त अर्ध्या लयीत पाच मिनिटं वाजवायची तयारी ठेवायची.