विशेषण की क्रियाविशेषण? : एका शालेय कसोटीची चिकित्सा

नामाला 'कसा' असे विचारले की विशेषण मिळते, क्रियापदाला विचारले की क्रियाविशेषण, ही युक्ती शालेय व्याकरणात सर्रास सांगितली जाते. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले; तेव्हापासून मराठी व्याकरणावर इंग्रजीची छाया आहे. इंग्रजीत या दोहोंची रूपे बहुधा निराळी असतात, म्हणून क्रियापदाची जात पाहून रूप निवडण्याचा नियम तेथे उपयोगी पडतो. मराठीत तो कितपत चालतो?

दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेत वावरणाऱ्या मुलास सहज सुचतील अशी तीन वाक्ये घेऊ : 'द्राक्षे गोड लागतात', 'मजुरांनी द्राक्षे हिरवी खुडली', 'मजुरांनी द्राक्षे हळूच खुडली'. तिन्हींना 'कशी?' हाच प्रश्न लागू पडतो. कसोटी तेथेच संपते. 'गोड' गाळल्यास पहिले वाक्य अपुरे राहते, म्हणून ते विधिविशेषण. उरलेल्या दोहोंत क्रियापद एकच. परंतु 'हळूच' खुडण्याविषयी सांगते, 'हिरवी' खुडतेवेळच्या फळाविषयी. अर्थात क्रियापदाच्या जातीवरून येथे निर्णय होत नाही. 'हळूच'च्या जागी 'हलक्या रीतीने' चालते. 'हिरव्या रीतीने' कोणी म्हणणार नाही.

खरी अडचण पुढेच आहे. 'मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते' येथे शब्द विकार पावतो, पण वर्णन गाण्याचे आहे. अविकारी ते क्रियाविशेषण अव्यय व विकारी ते नुसते क्रियाविशेषण, अशी तोड काढली जाते. हे नामकरण झाले, उपपत्ती नव्हे. 'मुलाने कविता चांगली म्हटली' यात 'चांगली' कवितेमागे जाते, आणि स्तुती मात्र म्हणण्याची! 'आईने मुलाला चांगले ओळखले' यात ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. म्हणजे क्रियापद ज्याच्या मागे जाते त्याच्याच मागे हा शब्दही जातो : कर्तरीत कर्त्याच्या, कर्मणीत कर्माच्या, भावे प्रयोगात कोणाच्याच नाही. ('मुलगी चांगले गाते' असेही बोलले जाते, हा विकल्प ध्यानी ठेवावा.)

मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात प्रयोगविचार विस्ताराने आहे. शालेय पुस्तकांत मात्र शब्दजाती आधी व प्रयोग बऱ्याच उशिरा येतो. त्यामुळे 'चांगली' बदलते हे अचूक हेरून तिला विशेषण म्हणणाऱ्या मुलाचे उत्तर चूक ठरते, आणि ते का चूक, हे त्याला सांगण्याचे साधन शिक्षकापाशी नसते. प्रस्तुत पाठ प्रयोगानंतर घ्यावा. 'मुलीने गाणे चांगले गायले' हे वाक्य तर प्रश्नपत्रिकेत घालूच नये. गाणे चांगले की गायन, हे त्यातून ठरत नाही.