सोंग आणि सर्वनाम : लोझानोव्ह यांच्या भाषाशिक्षणपद्धतीचा एक विचार

बल्गेरियाचे मानसचिकित्सक गिऑर्गी लोझानोव्ह (१९२६–२०१२) यांनी सोफिया येथे प्रौढांना परकी भाषा शिकविण्याची जी पद्धती सिद्ध केली, ती 'सजेस्टोपीडिया' या नावाने ओळखली जाते. तीविषयीच्या चर्चेत संगीतानेच फार जागा व्यापली आहे. आरामखुर्च्यांत विसावलेले विद्यार्थी, संगीताच्या साथीने शिक्षकाने केलेले संवादवाचन आणि अशा श्रवणाने स्मरणशक्ती कित्येक पटींनी वाढते हा दावा; टीकाकारांनी झोड उठविली ती यावरच. टॉमस स्कोव्हेल यांची १९७९ मधील टीका त्यांत विशेष परखड होती. दावा अतिरंजित होता यात संशय नाही. परंतु त्याच्याबरोबर या पद्धतीचे दुसरे अंगही दुर्लक्षिले जावे, हे न्याय्य नव्हे.

ते अंग म्हणजे विद्यार्थ्याला आरंभीच मिळणारे नवे नाव आणि नवा व्यवसाय. या सोंगामुळे प्रौढाची भीड मोडते, चूक झालीच तर ती सोंगाची, आपली नव्हे, असे त्याला वाटते, हे त्याचे नेहमीचे समर्थन. त्यात तथ्य आहे. अलेक्झांडर गियोरा व त्यांचे सहकारी यांना १९७२ मध्ये, अल्प मद्य घेतलेल्या अमेरिकनांचे थाई उच्चार अधिक सरस आढळले होते. (या सहकाऱ्यांत स्कोव्हेलही होते, हे गमतीचे खरे.) मात्र भीडच मोडावयाची असेल तर सोंगाऐवजी पेलाही चालेल, अशी आपत्ती या समर्थनावर येते.

वस्तुतः सोंगाची आवश्यकता व्याकरणातच आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणावे की 'वू', हे वक्ता कोण व श्रोता कोण हे ठरल्याखेरीज सांगता येत नाही. 'तू ये', 'तुम्ही या', 'आपण यावे' ही वाक्ये मराठी शिकणाऱ्या परकीयाने कितीही घोकली, तरी आपण कोणाचे कोण आहोत हे ठाऊक नसेल तर त्यांतील एकही त्याला योग्य रीतीने योजता येणार नाही. वर्गातील वाक्याला सहसा धनीच नसतो. नाट्य त्याला धनी मिळवून देते. एरवी करमणूक म्हणून तासाच्या अखेरीस ढकलला जाणारा हा खेळ म्हणूनच पाठाच्या गाभ्याशी असावयास हवा.

लोझानोव्ह यांची उणीव येथेच दिसते. सुमारे १२०० शब्दांचा प्रत्येक संवाद आधीच लिहिलेला. विद्यार्थ्याला भूमिका मिळते, पण बोल प्रथम दुसऱ्याचे. शब्दांशी खेळण्याची मुभा मिळते ती नंतर. गाय कुक यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात भाषाक्रीडा हे केवळ शिकण्याचे साधन नसून भाषाव्यवहाराचेच एक अंग आहे, असे प्रतिपादिले. त्या दृष्टीने पाहता हा क्रम उलटा वाटतो. शिवाय एकदा घेतलेले नाव अभ्यासक्रम संपेपर्यंत तेच राहते. महिनाभर वकील म्हणून वावरलेल्या गृहस्थाला वकिलाची सर्वनामे येतील. आजीशी बोलणाऱ्या नातवाची, मालकाशी हुज्जत घालणाऱ्या भाडेकरूची येणार नाहीत. नाव दर आठवड्याला बदलले असते, तर त्याच तीस दिवसांत तोच गृहस्थ चार निरनिराळ्या नात्यांनी बोलला असता.