फिरस्ता वस्ताद

1 ऑगस्ट 2025 ला खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांचं पहिलं वाक्य एकच होतं: 13 वर्षांनी या खुर्चीवर भारतीय माणूस. सावियो मेडेरा 2012 मध्ये गेला, मग कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाईन, स्टिमॅच, मार्केझ अशी परदेशी रांग लागली आणि आता हा. हा माणूस तिथपर्यंत कुठून कुठून फिरून आला, ते मात्र शेवटच्या परिच्छेदात क्लबांची नावं स्वल्पविराम देऊन लिहून उरकलं होतं. मुंबई एफसी, ऐझॉल, ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर. एसटीच्या बोर्डावर थांबे लिहितात तसं.

मला ते थांबे वाचायचे आहेत. प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर मराठीत समीक्षा म्हणून कुणी लिहीत नाही. गौरव तरी होतो नाहीतर शिव्या. पुस्तकाला जसं विचारतो की हे असं का लिहिलंय, तसं संघाला का विचारू नये?

आधी एका शब्दाबद्दल. आमच्या कडेगावच्या बाजूला खेळ म्हणजे कुस्ती आणि कुस्ती शिकवणारा तो वस्ताद. शेजारी कुंडलचं मैदान, तिथल्या कुस्त्या बघत आमच्या पिढ्या वाढल्या. वस्ताद एका तालमीचा असतो. पोरं येतात, मोठी होतात, जातात, वस्ताद तिथंच माती उकरत असतो. खाली कोल्हापुरात हाच शब्द फुटबॉलला जाऊन चिकटलेला आहे. शाहू स्टेडियमवर खेळणारे संघ म्हणजे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. नावातच तालीम, त्यामुळे निष्ठाही तालमीची. पेठ बदलली तर लोक दहा वर्षं विसरत नाहीत. या नजरेनं पाहिलं तर जमील संशयास्पद माणूस ठरतो. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडे नोकरी! आमच्याकडे याला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

पण आमच्याच भागात दुसऱ्या प्रकारचाही माणूस असतो. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातले गलाई व्यावसायिक. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा करत ही माणसं भारतभर पसरली. माझे एक चुलते कोलकात्याला होते, त्यांचा मेव्हणा गुवाहाटीला. गलाईवाल्याला आपलं सोनं नसतं. गिऱ्हाईक आणेल ते जुनं, डाग लावलेलं, भेसळ असलेलं वितळवायचं आणि त्यातून निघेल तेवढं काढून द्यायचं. गाव परकं, भाषा परकी. जमीलच्या फुटबॉलकडे बघायला मला वस्तादापेक्षा हा माणूस जास्त उपयोगी पडतो.

खेळाडू म्हणून त्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. जन्म 1977, कुवेत. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं. मधल्या फळीत खेळायचा. महिंद्रा, एअर इंडिया, परत महिंद्रा आणि शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळला, पण दुखापतींनी कारकीर्द कुरतडली. या यादीत बघण्यासारखं वेगळंच आहे. महिंद्राने 2005-06 ची राष्ट्रीय लीग डेरिक परेराच्या हाताखाली जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. एअर इंडिया राष्ट्रीय लीगच्या बाहेर गेली. मुंबई एफसी 2017 मध्ये आय-लीगमधून खाली घसरली आणि गुंडाळली गेली. म्हणजे ज्या मैदानांवर तो घडला ते मुंबईचं ऑफिस-फुटबॉल आणि त्याच्या मागोमाग आलेलं क्लब-फुटबॉल, दोन्ही आज पुसल्यात जमा. ज्याच्या सगळ्या तालमी मोडल्या त्याला एका तालमीशी एकनिष्ठ राहा असं सांगणं जरा विनोदीच आहे.

2009 मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि 2016 पर्यंत राहिला. सात वर्षं! भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक सात महिने टिकला तरी पेढे वाटतात. या काळाबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात चषक नाही. माझ्या मते जमीलचं सगळं व्याकरण इथं तयार झालं. क्लबकडे पैसा बेताचा, प्रेक्षक थोडे, मोठे खेळाडू येणार नाहीत आणि आलेच तर पुढच्या वर्षी गोव्याला किंवा कोलकात्याला जाणार. दर मोसमाचं उद्दिष्ट एकच, खाली घसरायचं नाही. अशा घरात तुम्ही काय शिकाल? आधी गोल खाऊ नका. चेंडू आपल्याकडे नसताना दोन ओळी एकमेकींना चिकटून ठेवा. मधल्या फळीत चेंडू हरवणं महागात पडतं, तेव्हा तो लांब पाठवा आणि दुसऱ्या चेंडूवर तुटून पडा. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन यांवर तासन् तास घालवा, कारण गोल मिळवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता तोच. मुंबई एफसी त्याच्या काळात एकदाही घसरली नाही. तो गेला आणि पुढच्याच मोसमात घसरली. यावरून सगळंच सिद्ध होत नाही, पण थोडं होतं.

मग ऐझॉल. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल, निदान मथळा तरी: भारताचं लेस्टर. 2016 मध्ये लेस्टरने इंग्लंडची लीग जिंकली होती, तेव्हा तुलना हाताशीच होती. मला ती कधीच पटली नाही. लेस्टर पडता पडता वाचलेला संघ होता. ऐझॉल खरोखर पडलेला होता. 2015-16 च्या शेवटी तो खालच्या विभागात गेला आणि गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत घेतलं. तिथं मुंबई एफसीने सोडलेला प्रशिक्षक गेला. सोबत मुंबईत खेळलेला आशुतोष मेहता, जयेश राणे, गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स, परदेशी म्हणून सीरियाचा महमूद अल अमना, लायबेरियाचा जार्यान, आयव्हरी कोस्टचा कामो. बाकी मिझो पोरं.

त्या मोसमात सगळ्यात जास्त गोल ऐझॉलचे नव्हते. 18 सामन्यांत 37 गुण, मोहन बागानचे 36. 22 एप्रिल 2017 ला ऐझॉलमध्ये बागानविरुद्ध 1-0, झोमिंगलियाना राल्टेचा उशिरा आलेला गोल. गोल करणारा बचावपटू होता हे लक्षात घ्या. आठवड्याने, 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. लाजाँगने लवकर गोल केला. तिकडे बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होतं आणि शेवटी जिंकलंही. ऐझॉलला त्याचा उपयोग नव्हता, एक गोल हवाच होता. दुसऱ्या अर्धात विल्यम लालनुनफेलाने तो केला. 1-1. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता.

लोकांनी याला चमत्कार म्हटलं. मला चमत्कार हा शब्द इथं अपमानासारखा वाटतो. मुंबईत सात वर्षं घटवलेलं काम होतं ते, फक्त या वेळी पोरं जास्त पळणारी होती आणि मागे अख्खं राज्य उभं होतं. आणि बक्षीस काय मिळालं? पुढच्याच मोसमापासून आयएसएल आय-लीगच्या बरोबरीने, त्याच महिन्यांत सुरू झाली. पैसा, टीव्ही, जाहिरात सगळं तिकडे गेलं. विजेत्या ऐझॉलला आम्हालाही वरच्या स्तरात ठेवा म्हणून भांडावं लागलं. सातबारा आपल्या नावावर असूनही रस्ता दुसऱ्याच्या शेतातून, अशी ती गत.

कोलकात्याची दोन वर्षं मी पटकन सांगतो, कारण त्यात नवीन फार नाही. 2017-18 मध्ये ईस्ट बंगाल चौथं आलं, वर तांत्रिक संचालक म्हणून सुभाष भौमिक आणले गेले, सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरूने 4-1 हरवलं, विषय संपला. जानेवारी 2019 मध्ये मोहन बागानने अर्ध्या मोसमासाठी बोलावलं, तेही तिथंच संपलं. मात्र एक गोष्ट दिसली ती पुढे कामाला येते. या क्लबांविरुद्ध समोरचा संघ मागे बसतो. चेंडू तुमच्या पायात राहतो. आणि चेंडू पायात असताना काय करायचं, हे जमीलच्या व्याकरणात सगळ्यात कच्चं प्रकरण आहे.

नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तो आधी सहाय्यक होता. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाची ठरलेली जागा हीच, परदेशी साहेबाच्या शेजारची खुर्ची. साहेबाला काढलं की भारतीय माणूस हंगामी आणि नवा साहेब आला की परत शेजारी. जानेवारी 2021 मध्ये जेरार्ड नुसला काढलं आणि जमील हंगामी झाला. कोविडमुळे सगळी लीग गोव्यात बंद दाराआड चालली होती. उरलेल्या साखळीत संघ एकही सामना हरला नाही, तिसरा आला, उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून हरला. मग कुठे त्याला कायम केलं. आयएसएल क्लबचा पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक, तोही लीग सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर.

आणि कायम झाल्यावर संघ 11 पैकी 10 वा आला. इथं त्याच्या चाहत्यांची जीभ अडखळते. दुखापती होत्या, संघ मोडला होता, ही कारणं खरी आहेत. पण त्या मोसमात जमीलकडे दुसरा डाव दिसला नाही. आमच्याकडे म्हणतात वस्ताद एक डाव राखून ठेवतो. त्या वर्षी राखलेला डाव नव्हताच, असं माझं मत आहे. अर्ध्या वाटेत संघ हातात घेऊन गळती थांबवणं आणि उन्हाळ्यापासून संघ बांधणं ही वेगळी कौशल्यं आहेत. बाहेरच्या जगातही असे खूप आहेत. क्लॉडियो रानिएरीचंच बघा, इटली, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड, ग्रीस फिरलेला माणूस. लेस्टरला विजेतं केलं आणि पुढच्या मोसमात, फेब्रुवारी 2017 मध्ये, त्याच लेस्टरने काढून टाकलं. तुलना करायचीच असेल तर संघांची सोडा, या दोन माणसांची करा.

जमशेदपूरने मात्र माझं काही प्रमाणात तोंड बंद केलं. 2023 च्या शेवटी तो तिथं गेला, पुढच्या पूर्ण मोसमात संघ पाचवा. 24 सामन्यांत 38 गुण: 12 विजय, 10 पराभव आणि बरोबरी फक्त 2. खाल्लेले गोल केलेल्या गोलांपेक्षा जास्त. आता सांगा, गोलासमोर बस उभी करणाऱ्या, बरोबरीसाठी खेळणाऱ्या प्रशिक्षकाचे हे आकडे आहेत का? ‘बचावात्मक’ हे लेबल त्याला एकदा चिकटलं आणि समालोचक तेच वाचत राहिले. आकडे सांगतात की हा संघ जोखीम घेत होता, एका गोलाने जिंकत होता आणि हरायचा तेव्हा भरपूर गोल खाऊन हरत होता. प्लेऑफमध्ये नॉर्थईस्टला त्याने शिलाँगमध्ये 2-0 हरवलं. उपांत्य फेरीत मोहन बागानला घरी 2-1 हरवलं, कोलकात्यात 0-2 खाल्ले. सुपर कपच्या अंतिम फेरीत एफसी गोवाने 3-0 धुतलं. जिंकण्याच्या एक पायरी अलीकडे.

भारताच्या कामाकडे या सगळ्यानंतर बघितलं की फारसं आश्चर्य वाटत नाही. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानमध्ये हिसोरला काफा नेशन्स कप. मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, सुनील छेत्रीला जमीलने घेतलं नाही. थोडक्यात मुंबई एफसीची परिस्थिती. यजमानांना 2-1 हरवलं, गोल अन्वर अली आणि संदेश झिंगनचे, पुन्हा बचावपटू. पहिला तर उवैसच्या लांब थ्रो-इनवर. इराणकडून 0-3, अफगाणिस्तानशी 0-0 आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानशी 1-1 करून पेनल्टीवर विजय. ओमानला भारताने याआधी कधी हरवलं नव्हतं.

मग ऑक्टोबर. सिंगापूरमध्ये दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच झिंगन बाहेर, दहा जण, एक गोल मागे, आणि 90 व्या मिनिटाला रहीम अलीची बरोबरी. हा अगदी जमीलचा सामना. पाच दिवसांनी फातोर्ड्याला घरचं मैदान, पूर्ण अकरा, छांगटेचा 14 व्या मिनिटाला गोल, म्हणजे सगळं हवं तसं. तिथं 1-2 हरलो आणि 2027 च्या आशिया कपचं दार बंद झालं. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने 1-0 हरवलं, 22 वर्षांत पहिल्यांदा. 11 व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि उरलेली जवळजवळ 80 मिनिटं एक गोल करता आला नाही.

या तीन सामन्यांवर समाजमाध्यमांत जे चाललं त्यातलं निम्मं ‘परदेशी आणा’ आणि निम्मं ‘आपल्या माणसाला वेळ द्या’ असं होतं. दोन्ही बाजूंना सामन्याशी देणंघेणं नव्हतं. फातोर्ड्यात आघाडीनंतर भारताने चेंडू ठेवला नाही, कारण या प्रशिक्षकाने आयुष्यभर आघाडीनंतर चेंडू दुसऱ्याला देऊनच सामने वाचवले. ऐझॉलमध्ये ते चाललं, कारण मागच्या ओळीला त्याचीच सवय होती. भारतीय संघ महिन्यातून चार दिवस एकत्र येतो, त्यात ती सवय लागत नाही. मला प्रश्न परदेशी-देशी असा दिसत नाही. ज्या देशाने आपल्या प्रशिक्षकांना वर्षानुवर्षं फक्त गळके संघ दिले, त्यांना गळती थांबवण्यापलीकडचं काही करून बघायची मुभाच दिली नाही, त्याला 48 व्या वर्षी अचानक चेंडू खेळवणारा संघ कुठून मिळणार? आणि तरीही, जमीलने तो मागायला हवा होता. छेत्रीला वगळायचं धाडस ज्याने केलं, त्याने सिंगापूरसमोर त्यालाच परत बोलावलं, तिथं मला तो पहिल्यांदा घाबरलेला वाटला.

माझे चुलते म्हणायचे, गलाईवाल्याने सोन्याबद्दल तक्रार करायची नसते, गिऱ्हाईक दुकान बदलतं. जमील पत्रकारांसमोर बसतो तेव्हा मला ते आठवतं. तीन-चार वाक्यं, जबाबदारी माझी, पोरांनी मेहनत केली. खेळाडू कमी होते, शिबिर छोटं होतं, क्लबांनी सोडलं नाही, यातलं तो क्वचितच काही सांगतो. त्याने ते सांगावं असं मला वाटतं. चार दिवसांच्या शिबिरात नक्की काय करता येतं आणि काय नाही, हे या देशात त्याच्याइतकं नेमकं सांगू शकणारी माणसं मोजकीच असतील.