बोस, मार्कोनी आणि ‘हुकलेले’ पेटंट

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळाशाळांतून वक्तृत्वस्पर्धा होतात. अशा काही स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला आला आहे. तेथे एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी संदेशवहनाचा शोध लावला. ते ऋषितुल्य आणि भोळे, म्हणून त्यांनी पेटंट घेतले नाही. मार्कोनीने ते घेतले आणि श्रेय, पैसा व नोबेल पारितोषिक पळवले. टाळ्या पडतात. विद्यार्थिदशेत आम्हीही ही गोष्ट अशीच सांगून टाळ्या मिळवल्या आहेत.

गोष्टीत तथ्याचा अंश आहे. म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी. निव्वळ खोटी गोष्ट फार दिवस टिकत नाही. अर्धी खरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. या गोष्टीचा सगळा भार ‘पेटंट’ या एका शब्दावर आहे, आणि त्या काळात पेटंट म्हणजे नेमके काय होते हे कोणीच सांगत नाही.

आपल्याकडे पेटंटाचा पहिला कायदा १८५६ साली झाला. तो १८५२ च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेला होता आणि नव्या शोधासाठी १४ वर्षांचे खास अधिकार देत होता. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या अभियंत्याचा. शोध कोणता, तर छताचा पंखा ओढण्याचे यंत्र! गोऱ्या साहेबाला वारा कसा मिळेल, ही त्या काळातली ‘नवी गरज’ होती. इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेतल्यामुळे हा कायदा पुढच्याच वर्षी रद्द करावा लागला आणि १८५९ मध्ये पुन्हा नव्याने आणला गेला. १८७२ व १८८३ मध्ये त्यात भर पडली आणि १८८८ मध्ये सगळे एकत्र करून शोध व आकृतिबंधांचा कायदा झाला. बोसांचे प्रयोग चालू होते तेव्हा हिंदुस्थानात हा कायदा होता.

१८५९ च्या कायद्यातील ‘नवा’ या शब्दाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. एखादी वस्तू हिंदुस्थानात किंवा इंग्लंडात आधीपासून उघडपणे वापरात असेल, अथवा छापून प्रसिद्ध झाली असेल, तर ती नवी नव्हे. फ्रान्स किंवा जर्मनी यांचा त्यात उल्लेखही नाही. नवेपणा कोणत्या दोन देशांत मोजायचा, हे राज्यकर्त्यांनी ठरवले होते. तेव्हा ‘पेटंट मिळाले’ याचा अर्थ ‘जगात प्रथम केले’ असा होत नव्हता.

ब्रिटनमधली स्थिती तर आणखी सैल होती. १८८३ च्या कायद्याने तेथे सुरुवातीचे शुल्क २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आले आणि पेटंट सामान्य संशोधकाच्या आवाक्यात आले. कार्यालय अर्जाचा नमुना आणि वर्णनाची स्पष्टता तपासत असे; शोध खरोखर नवा आहे का, हे मात्र पाहत नसे. जुन्या पेटंटांचा शोध घेऊन पडताळणी करण्याची तरतूद १९०२ च्या कायद्याने आली आणि १९०५ पासून अमलात आली. त्याआधी मिळालेले पेटंट ही एका अर्थी नोंदवलेली मागणी होती. ती टिकते की नाही हे न्यायालय ठरवी, आणि तेही कोणी पदरचे पैसे खर्चून दावा लावला तरच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. पण त्यांचे खरे लक्ष वेगळीकडे होते. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर लांबीच्या होत्या. प्रकाशाप्रमाणे त्यांचे परावर्तन, अपवर्तन व ध्रुवीकरण होते, हे त्यांना दाखवायचे होते. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणे उघडपणे मांडली. मार्कोनीला संदेश दूरवर पाठवायचा होता. त्याने जून १८९६ मध्येच ब्रिटनमध्ये अर्ज केला होता. दोघांचे प्रश्नच वेगळे होते. त्यामुळे बोसांचे ‘रेडिओचे पेटंट’ हुकले, हे म्हणणे टिकत नाही.

मग तथ्याचा अंश कोठे आहे? तो पाऱ्यात आहे. एप्रिल १८९९ मध्ये बोसांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. त्यात लोखंड व पारा यांच्या स्पर्शातून लहरी ओळखणारा, टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडलेला शोधक वर्णिलेला होता. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकला तो पाऱ्याच्याच शोधकातून. इटलीच्या नौदलातील सोलारी या मित्राने तो त्याला दिला होता, आणि सप्टेंबर १९०१ मध्ये त्यासाठी ब्रिटनमध्ये अर्जही झाला होता. रॉयल सोसायटीत प्रसिद्ध झालेली कल्पना दोन वर्षांनी ‘नवी’ म्हणून नोंदवली गेली आणि कार्यालयाने हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणे हे त्याचे कामच नव्हते. या साखळीकडे लक्ष वेधणारा प्रबीर बंदोपाध्याय यांचा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे बोसांवर अन्याय झाला, असे आम्हालाही वाटते. पण तो पेटंट न घेतल्यामुळे झाला नाही. छापील पुराव्याकडे पाहण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती, म्हणून झाला.

‘बोसांनी पेटंट घेतलेच नाही’ हेही खरे नाही. भगिनी निवेदिता आणि सारा बुल या सुहृदांच्या आग्रहावरून ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत त्यांचा अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. ते गॅलिनासारख्या स्फटिकावर आधारलेल्या शोधकाचे होते. अर्धवाहक उपकरणांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्यातून पैसा मिळवण्यात बोसांना रस नव्हता, एवढे मात्र खरे.

समजा, रस असता तर? ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्ये सुसूर जुळणीचे पेटंट घेतले. त्यांच्या पाठीशी म्युरहेड हे तारयंत्रे बनवणारे कारखानदार होते. अखेर १९११ मध्ये मार्कोनी कंपनीला ते पेटंट विकत घ्यावे लागले. दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे लंडनला गेले. छपाईचे खिळे पाडण्याच्या यंत्रासह अनेक शोधांची पेटंटे त्यांनी घेतली. दादाभाई नौरोजींचे पाठबळ आणि पुढे सर रतन टाटांचे भांडवलही त्यांना लाभले. तरी त्यांच्या यंत्राभोवती हिंदुस्थानात उद्योग उभा राहिला नाही, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. लॉज आणि भिसे दोघांकडेही कागद होता. कागदामागे कारखाना, बाजार आणि वर्षानुवर्षे लढण्याची ताकद असली, तरच तो बोलतो. पारतंत्र्यातल्या कलकत्त्यात स्थानिक कारागिराकडून उपकरणे घडवून घेणाऱ्या प्राध्यापकाकडे यातले काय होते?

म्हणून ‘भोळेपणामुळे शोध गेला’ हे तात्पर्य आम्हाला घातक वाटते. त्यातून मुले दोन चुकीचे धडे घेतात. एक, पेटंट म्हणजे पहिलेपणाचा दाखला. दुसरा, आपले काम उघडपणे प्रसिद्ध करणे हा गाढवपणा. वास्तविक प्रसिद्धी हीच पुढे ढाल ठरते. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान दिले होते, आणि कामी आले ते आपल्याकडचे जुने छापील पुरावे. १९०१ मध्ये बोसांच्या निबंधाला जे साधले नाही, ते ९६ वर्षांनी साधले, कारण आता पुरावा पाहिला जात होता आणि तो मांडणारी संस्था उभी होती.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या विज्ञान दिनी ही गोष्ट जरूर सांगा, पण वर्गात फळ्यावर तारखा मांडून : जून १८९६, जानेवारी १८९७, एप्रिल १८९९, सप्टेंबर १९०१, डिसेंबर १९०१. मग मुलांना विचारा, कोणी काय प्रसिद्ध केले, कोणी कशावर हक्क सांगितला, आणि तो तपासायला कोण होते? टाळ्या कदाचित कमी पडतील. पण प्रश्न विचारायला हात वर येतील, आणि बोसांना तेच अधिक आवडले असते.