चाच्यांच्या टोळीतला सर्जन

चाच्यांच्या गोष्टी म्हटलं की गाडलेला खजिना आणि लाकडी पायाचा चाचा आठवतो. अलेक्झांडर एक्सकेमेलिनच्या १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पुस्तकात त्या पायाचा दर दिलाय. उजवा पाय गेला तर ५०० चांदीची नाणी किंवा पाच गुलाम. डाव्याला ४००. डोळ्याला फक्त १००! मोहिमेआधीच हे ठरायचं. लेखक टोळीतला सर्जन, त्यामुळे हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

१६७१ मध्ये हेन्री मॉर्गनने पनामा लुटलं. वाटणीत माणशी जेमतेम २०० नाणी देऊन तो गुपचूप निसटला, असं एक्सकेमेलिन सांगतो. इथे सूर चिडलेला आहे. मग साक्ष बाद करायची का? घाई नको. माझ्या मते फसवणुकीचा हा रागच त्याला लिहायला लावतो, म्हणून लुटीचे आकडे स्पॅनिश कागदांशी ताडूनच घ्या. पण पायाच्या दरात खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? एकाच साधनाला पानागणिक वेगळे प्रश्न विचारावे लागतात ते असे.

१६८४ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं आणि मॉर्गनने लंडनच्या प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. क्रौर्याची वर्णनं तर त्याला झोंबलीच, पण आपण कॅरिबियनमध्ये करारबद्ध नोकर म्हणून आलो, हा उल्लेखही सहन झाला नाही. एक्सकेमेलिन स्वतः १६६६ मध्ये टोर्टुगा बेटावर तसाच आला होता, तिथे विकलाही गेला होता. ते त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय.