पडद्यावरचे डोंगर

पेठहून परतल्यावर जॉन फोर्ड यांचा ‘द सर्चर्स’ (१९५६) हा चित्रपट मी पुन्हा पाहिला. त्याची थोरवी मला आजही मान्य आहे. तांबूस वालुकाश्माचे, सपाट माथ्याचे ते डोंगर पडद्यावर येतात आणि माणसाचे लहानपण न सांगता कळते. स्पॅनिश भाषेत मेजाला ‘मेसा’ म्हणतात. तेच नाव या डोंगरांना पडले आहे. द्वेषाने पछाडलेल्या नायकामागे ही उजाड भूमी उभी करण्यात दिग्दर्शकाची मोठी जाण दिसते.

परंतु कथा घडते टेक्ससमध्ये आणि डोंगर आहेत अ‍ॅरिझोना-यूटाच्या सीमेवरचे, नव्हाहो लोकांच्या भूमीतले. कथेतले कोमांची म्हणून वावरतात तेही नव्हाहोच. त्यांचा नायक मात्र बर्लिनला जन्मलेला हेन्री ब्रँडन. १८६४ साली ज्यांना मुलखाबाहेर शेकडो मैल पायी हाकलले आणि जे १८६८च्या तहानंतर परतले, त्यांना स्वतःच्याच अंगणात परक्यांचे सोंग घ्यावे लागले.

कलावंताला स्थळाचे स्वातंत्र्य नको काय, असे कोणी विचारील. अवश्य हवे. पण भूमी घ्यायची आणि तिथल्या माणसांचे नाव तेवढे पुसायचे, याला स्वातंत्र्य म्हणावे काय, अशी शंका मला पेठने दिली.

नाशिकहून पेठला जाताना सावळघाटाच्या बाजूला असेच सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. मात्र हे काळ्या बसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेले. एका जुन्या लेखात मी त्यांना ‘निर्जन’ म्हटले होते. या खेपेस तोच शब्द तोंडून गेला, तेव्हा एक कोकणा आजोबा हसले. “निर्जन कसा, दादा? तो खालचा उतार भावाचा, नागलीचा. वर आमची वरई. राबाला पालाही तिथलाच.” माझा शब्द कानाला गोड होता, पण खोटा होता.

आपल्या लेखनातही सह्याद्री बहुधा किल्ला होऊन येतो, नाहीतर धुके होऊन. नागलीचे शेत होऊन क्वचितच. निसर्गवर्णन वाचताना मी आता एवढेच विचारतो: त्या डोंगरावर जगणाऱ्याला यात आपला डोंगर ओळखू येईल काय? या प्रश्नापुढे ‘द सर्चर्स’ उणा पडतो. माझा लेख तर त्याहूनही उणा. त्याला फोर्डच्या प्रतिभेचीही सबब नाही.