मराठी साहित्यातील मोकळे बालपण : एक पुनर्वाचन

मराठीतील बालपणाच्या चित्रणाविषयी जे समीक्षालेखन झाले आहे, त्यात 'निरागसता' आणि 'स्मरणरंजन' या दोन संज्ञा वारंवार आढळतात. साने गुरुजींचा श्याम, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन यांच्याकडे हरवलेल्या, सुंदर बालपणाचे प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते. मुलांना अंगणाबाहेर, रस्त्यावर, मैदानात मोठ्यांच्या देखरेखीविना खेळू द्यावे की नाही, याची चर्चा गेल्या काही दशकांत पालक आणि शिक्षणतज्ज्ञ यांच्यात वाढली आहे. त्या चर्चेतही याच पुस्तकांचा दाखला दिला जातो. पूर्वीची मुले मोकळी होती, आजची कोंडलेली आहेत, असे एक सुटसुटीत विधान त्यातून तयार होते. हे विधान खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. ज्या ग्रंथांवर ते उभे आहे, ते ग्रंथ नीट वाचले असता मोकळीक कोणाला मिळाली, कोणी दिली आणि कोणत्या अटींवर दिली, याचे बरेच कठोर तपशील त्यांत सापडतात.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात येते. आपल्या बालनायकाला मोकळे फिरू देण्यासाठी मराठी लेखकाने बहुधा आधी त्याचे आईवडील दूर केले आहेत. गोट्या अनाथ आहे. बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला आहे. लंपन आईवडील आणि भावंडे यांच्यापासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. कथानकाची सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. साहसकथेत रात्री आठ वाजता जेवायला हाक मारणारी आई अडचणीचीच ठरते. परंतु ही सोय इतक्या सातत्याने वापरली जावी, यामागे एक सामाजिक समजूतही असली पाहिजे. जन्मदाते समोर असताना मूल स्वतंत्र होऊ शकत नाही, अशी ती समजूत होय.

या समजुतीला छेद देणारे उदाहरण अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळते. 'श्यामची आई' (1935) हे पुस्तक साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र ही त्याची रूढ ओळख. त्यातला पोहायला शिकण्याचा प्रसंग आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या चित्रपटामुळे घरोघरी पोचला. पाण्याला भिऊन माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शोधून काढते, मारते आणि पोहायला धाडते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे मन भरून येते. या प्रसंगाचे विवेचन मार आणि माया या द्वंद्वातच अडकून पडले आहे. 'छडी लागे छमछम' या वळणाचा शिस्तीचा पुरस्कार त्यात शोधणारे आहेत, तसेच मारहाणीबद्दल नाराजी व्यक्त करणारे आजचे वाचकही आहेत. दुसऱ्या पक्षाची नाराजी रास्त आहे. मुलाला भीती वाटते म्हणून त्याला फोडून काढणे ही गोष्ट आईच्या डोळ्यांतल्या पाण्याने धुऊन निघत नाही.

तथापि या वादात प्रसंगाचा गाभा सुटतो. कोकणात पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरतात. अशा प्रदेशात पोहता न येणारा मुलगा रोजच्या धोक्यात असतो. त्या धोक्यावर दोन उपाय संभवतात. एक, मुलाला पाण्यापाशी जाऊ न देणे. दोन, त्याला पाण्यात घालणे. श्यामची आई दुसरा उपाय निवडते. तो तिला स्वतःला अवघड जातो, हे लेखकाने लपवलेले नाही. शिवाय पाण्यात श्यामला शिकवणारी ती नव्हे. विहिरीवर जमणारी, आधी पोहायला शिकलेली गावातली मंडळी आहेत. म्हणजे आई मुलाला एकटे सोडत नाही, ती त्याला गावाच्या हवाली करते. मुलाला नजरेआड करण्याचे धैर्य तिच्या एकटीच्या स्वभावातून आलेले नाही. विहिरीवर आपल्या मुलाला ओळखणारी माणसे आहेत, त्याला बुडू देणार नाहीत, हा भरवसा त्याच्या मागे आहे. हा भरवसा बाजूला काढला तर उरते ती नुसती मारझोड.

येथेच स्मरणरंजनाला अडवणारा प्रश्न उभा राहतो. ती विहीर कोणाची? पालगड ज्या कोकणात आहे, त्याच कोकणातील महाडला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्या पाणवठ्याने श्यामला निर्भय केले, तसल्या पाणवठ्याला हात लावण्याचीही अस्पृश्य गणलेल्या घरच्या मुलाला मुभा नव्हती. त्याचे पाऊल तेथे पडले असते तर त्याला ओळखणारी गावातली हीच माणसे त्याला वाचवायला नव्हे, हाकलायला धावली असती. साने गुरुजींना या वास्तवाची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये त्यांनी उपोषण केले. परंतु पोहण्याच्या प्रसंगात विहीर ही जणू सर्वांची असल्यासारखी येते, आणि वाचकही ती तशीच स्वीकारतो.

दया पवारांचे 'बलुतं' (1978) या संदर्भात शेजारी ठेवून वाचले पाहिजे. मुंबईतील कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा अशा दोन ठिकाणी विभागलेल्या त्या बालपणात घराबाहेरचा वावर भरपूर आहे. किंबहुना घर असे फारसे नाहीच. देखरेखीविना फिरणे हाच जर मोकळेपणाचा निकष मानला, तर हे मूल श्यामपेक्षा अधिक मोकळे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. कोणत्या वाटेने जायचे, कोठे थांबायचे, कोणाच्या सावलीपासून दूर राहायचे, याचे शिक्षण त्या मुलाला खेळाच्या आधी मिळालेले असते.

मुलींच्या बाबतीत तर पुरावाच विरळ होतो. भोंडला, नागपंचमी, मंगळागौर या निमित्तांनी मुलींच्या खेळाला जागा मिळाली, पण ती दिवस आणि अंगण ठरवून. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या छायेत जाते आणि लग्नाबरोबर लवकरच संपते. एकटी बाहेर पडणारी मुलगी शोधायची तर उर्मिला पवार यांच्या 'आयदान'कडे (2003) यावे लागते. पुस्तकाच्या आरंभीच डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटांनी रत्नागिरीच्या बाजाराला चाललेल्या बायका भेटतात. पुढे आईने विणलेली सुपे-टोपल्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला लहानगी उर्मिला जाते. तिच्यावर विश्वास टाकलेला आहे, वाट तिला ठाऊक आहे, सोबत कोणी नाही. स्वातंत्र्याच्या सर्व बाह्य खुणा येथे आहेत. मात्र वाटेच्या शेवटी तिला दाराबाहेर उभे राहावे लागते आणि टोपलीवर पाणी शिंपडून मगच ती घरात घेतली जाते. या वाटचालीला कोणी मुक्त बालपण म्हटलेले नाही, हे योग्यच आहे. पण मग श्यामची विहीर आणि उर्मिलेची वाट या एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच समाजव्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी होती.

या पार्श्वभूमीवर प्रकाश नारायण संत यांचे यश अधिक स्पष्ट होते. 'वनवास' (1994), 'शारदा संगीत' (1997), 'पंखा' (2001) आणि 'झुंबर' (2002) या चार पुस्तकांतून लंपन बालपणाकडून पौगंडावस्थेकडे सरकतो. त्याची कन्नडमिश्रित बोली, 'मॅडसारखं' हा त्याचा लाडका शब्द, मनाला येईल तो आकडा ठोकून देण्याची त्याची सवय, यांवर वाचक लुब्ध झाला आणि त्यात वावगे काही नाही. पण या पुस्तकांत एक नकाशाही आहे. घर, शाळा, गल्ल्या, मैदाने यांतून हा मुलगा एकटा किंवा सवंगड्यांसह भटकतो, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी त्याला नावानिशी ओळखणारे असते. संत व्यवसायाने भूशास्त्राचे अध्यापक होते. पायाखालच्या जमिनीकडे इतक्या बारकाईने पाहणारा मुलगा त्यांच्याच लेखणीतून उतरावा, हा योगायोग वाटत नाही. आजीची माया धाकाची आणि भरवशाची आहे. ती नातवाच्या मागे फिरत नाही. तिच्या वतीने गाव पाहत असते.

परंतु पहिल्या संग्रहाचे नावच 'वनवास' आहे, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते. लंपनला ही भटकंती मिळाली ती आईवडिलांपासून तुटल्यामुळे. त्याचा आनंद आणि त्याचे दुःख यांचे मूळ एकच आहे. दुपारच्या रिकाम्या रस्त्यावरून हिंडणाऱ्या या मुलाच्या मनात घरची ओढ सतत असते. त्या ओढीमुळेच त्याचे पाहणे इतके तीव्र होते. लंपनकथांतून केवळ 'काय मजा होती' एवढाच अर्थ काढणारे वाचन या लेखकावर अन्याय करते. मोकळीक मुलाला एकाकीही करते, आणि त्या एकाकीपणाला शब्द देणे त्याला तेथेच साधते, हे संतांनी जितक्या संयमाने दाखवले तितके मराठीत इतर कोणी दाखवलेले नाही.

फास्टर फेणेचे क्षेत्र याहून निराळे आहे. त्याच्या कथांत अशा अंतर्मुखतेला फारसा वाव नाही. वेग हेच त्यांचे मूल्य आणि सायकल हे त्याचे साधन. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'काश्मिरी करामत' ही नावेच त्याच्या संचाराचा विस्तार सांगतात. पण या संचाराचे उगमस्थान जे पुणे, ते तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, ही बाब साहित्यबाह्य मानता येत नाही. मुलाचे स्वातंत्र्य रस्त्याच्या घडणीवर अवलंबून असते. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वन फॉल्स मूव्ह' (1990) या इंग्लंडविषयक अभ्यासात दाखवून दिले, की एकट्याने शाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांचे प्रमाण 1971 मध्ये 80 टक्के होते, ते 1990 मध्ये 9 टक्क्यांवर आले. त्यांचा निष्कर्ष मार्मिक आहे : रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली ती रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, तर मुलांना रस्त्यावरून उचलून घेतले म्हणून. इंग्लंडचे आकडे पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही दुचाकी-चारचाकींनी भरलेल्या आजच्या पुण्यात शाळकरी बनेशला सायकलवर टांग मारून एकटा पिटाळणारा लेखक वाचकाला बेजबाबदार वाटेल, एवढे मात्र निश्चित.

2017 च्या 'फास्टर फेणे' या चित्रपटाने हा पेच आपल्या परीने सोडवला. तेथील बनेश शाळकरी नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. हा बदल व्यावसायिक गणितातून झाला असे मानणे सोपे आहे, आणि तसे काही अंशी असेलही. पण त्यातून पडद्यावर जे उरले ते बोलके आहे. या चित्रपटात पुण्याच्या रस्त्यांवर एकटे फिरणारे लहान मूल आहेच. त्याचे नाव भूभू. त्याला घर नाही. 2024 मध्ये आलेल्या 'लंपन' या मालिकेने नायकाचे वय राखले, पण काळही जुनाच राखला. घरदार असलेले मूल एकट्याने हिंडायचे तर ते भूतकाळातच हिंडावे, आणि वर्तमानकाळात हिंडणारे मूल बेघर असावे, ही वाटणी दोन्ही ठिकाणी कोणी ठरवून केलेली नसावी. प्रेक्षकांनाही ती खटकली नाही.